लख्खबाईचा तलाव

लिही, आमच्या धाकट्या जावेचं लिही. नाव आहे तिला, पण कामावर सगळे लख्खबाई म्हणायचे, आणि पुढं घरातही तेच चिकटलं. वीस वर्षं तिनं दवाखान्याच्या मोऱ्या धुतल्या. उकिडवं बसून बसून कंबर गेली, पण हात असा की तिनं धुतलेल्या मोरीत ताट मांडून जेवावं. माझे दीर म्हणायचे, "हिच्यापुढं फार वेळ उभं राहू नये, मलाही घासून पालथं घालील."

तिचा दवाखाना म्हणजे गुडघे धरलेले, अर्धांग झालेले लोक जिथं व्यायामाला येतात, तसला. तिथं मागच्या बाजूला नवा तलाव बांधला, लोकांनी पाण्यात उभं राहून पाय हलवायला शिकावं म्हणून. आणि पाणी खारं. खारं म्हणजे समुद्र नव्हे हं, डोळ्यातल्या पाण्याहूनही फिकं. एक यंत्र असतं, ते त्या मिठातूनच क्लोरीन काढतं. ऐकायला सोपं, पण पाणी आंबटाकडे गेलं तरी बिघडतं आणि सोड्याकडे गेलं तरी बिघडतं. मधोमध धरायचं, रोजच्या रोज.

मोठ्या बाईंनी, म्हणजे दवाखाना चालवणाऱ्या त्या, सगळ्यांना विचारलं, "बाहेरच्या कंपनीचा माणूस ठेवू, की आपल्यातलं कुणी शिकेल?" लख्खबाईनं हातातली बादली खाली ठेवली. "मी बघते."

तलाव बसवणारा फिटर हसला. "मावशी, ही फरशी नव्हे. यात केमिस्ट्री असते."

"असू दे. ती कुठं चावते तेवढं सांग, बाकी मी बघून घेते."

मोठ्या बाई म्हणाल्या, "सहा आठवडे देते. त्यानंतरच्या सोमवारी पेशंट उतरणार. तोवर पाणी नीट ठेवलंस तर तलावाची किल्ली तुझी. नाही तर कंपनी."

म्हणजे परत मोऱ्या. पण नुसत्या कंबरेचं नव्हतं ते. वीस वर्षांत पहिल्यांदा कुणी तिला काही राखायला दिलं होतं.

पहिला महिनाभर फिटर रोज यायचा. नव्या तलावात लगेच मीठ घालत नाहीत, गिलावा कच्चा असतो. तो पाण्यात चुना सोडत राहतो, भिंतींवर पांढरी पूड धरते. ती रोज लांब दांड्याच्या ब्रशनं झाडायची. लख्खबाईला काय, ब्रश हातात आला की माहेरी आल्यासारखं. चुन्यानं पाणी सोड्याकडे जातं, म्हणून मापून अ‍ॅसिड घालायचं. फिटर सांगायला लागला, "आधी बादलीत पाणी, मग..." तर ही म्हणाली, "मग अ‍ॅसिड. अ‍ॅसिडवर पाणी ओतलं की ते अंगावर येतं. तू शाळेत जात होतास तेव्हापासून ओततेय मी." त्यानंतर तो जरा अदबीनं बोलायला लागला.

महिना सरला, मिठाच्या आठ गोण्या पडल्या. मीठ पुरतं विरघळेपर्यंत यंत्र सुरू करायचं नाही, म्हणून ही दिवसभर तळ झाडत काठाकाठानं फिरली. मग फिटरनं तिला काचेची एक नळी दिली नि थेंबांची बाटली. नळीत तलावाचं पाणी घ्यायचं, पाच थेंब टाकायचे, रंग बघायचा. पिवळा आला तर पाणी आंबट, लाल आला तर सोड्याकडे, केशरी आला तर बरोबर. "आता तुमचं तुम्ही बघा," म्हणाला, "मी पुढच्या आठवड्यात शुक्रवारी येतो."

पहिल्या दिवशी केशरी आला. दुसऱ्या दिवशी लाल. तिनं अ‍ॅसिड घातलं. तिसऱ्या दिवशी लाल. परत घातलं. चौथ्या, पाचव्या, सहाव्या दिवशी लालच. हट्टी मुलाला जसं समजावावं तसं ती पाण्याला समजावत होती आणि ते काही ऐकत नव्हतं. घरी आली की जेवतानाही तेच डोक्यात. दीर म्हणाले, "सवत बसलीय की काय तुझी तलावात?" तरी हसली नाही.

आठव्या दिवशी तिनं भिंतीवरून हात फिरवला आणि दचकली. गुळगुळीत गिलावा खरखरीत लागत होता. बोटाला चीर होती, ती झोंबली. हे झोंबणं तिच्या ओळखीचं, मोऱ्यांतलं. मन म्हणालं, हे पाणी आंबट आहे. नळी म्हणाली, लाल. शिकल्यासवरल्यांनी बनवलेली नळी खरी, की मोरीवालीचं बोट खरं? तिनं नळीचं ऐकलं, पण अ‍ॅसिड निम्मंच घातलं.

शुक्रवारी फिटर आला. त्यानं आपल्या नळीत पाणी घेतलं. थेंब टाकले. पिवळंजर्द.

"मावशी, काय केलंत हे? अ‍ॅसिडचा हंडा झालाय."

"माझ्यात लाल येतंय."

"कसं येईल?"

तिनं तिथंच करून दाखवलं. एकाच तलावाचं पाणी, एकीकडे पिवळं, एकीकडे लाल. फिटर म्हणाला, "थेंब जुने असतील." ती वाद घालत बसली नाही. काठावर बसली, आपले थेंब त्याच्या नळीत टाकले. पिवळं. त्याचे थेंब आपल्या नळीत टाकले. लाल.

"थेंब बरे आहेत," ती म्हणाली. "नळीत आहे काहीतरी."

आणि तिनं नळी नाकाशी नेली. कपड्याच्या पावडरचा वास. रोज संध्याकाळी ती नळी सोड्याच्या पावडरनं घासायची, काडीला फडकं गुंडाळून आतून कोरडी करायची. नळी कशी, हिऱ्यासारखी. त्या फडक्यातला सोडाच रोज लाल रंग दाखवत होता. अति तिथं माती म्हणतात ती ही.

फिटर भला होता. म्हणाला, "मी बाईंना सांगतो थेंब खराब निघाले. कोण बघायला येतंय?"

"मी बघितलं ना," ती म्हणाली आणि नळी घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. सगळं सांगितलं, पावडरसकट.

बाईंनी चष्मा काढला. "आणि सोमवार?"

फिटर म्हणाला, "निम्मं पाणी उपसून नवं भरावं लागेल. परत मीठ. सोमवारी काही होत नाही."

"उपसायचं नाही," लख्खबाई म्हणाली. "आंबटाला सोडा मारतो ना? मग खायचा सोडा का नाही चालायचा? मी बिघडवलं, मीच आणते जाग्यावर."

फिटरनं डोकं खाजवलं, मग हिशेब मांडला. "चालेल. साडेचार किलो. पण एकदम नाही, तीन वेळा थोडा थोडा. आणि पाणी परत तलावात येतं त्या नळांची तोंडं वर फिरवायची, खळखळाट झाला की आंबटपणा उडतो."

बाई म्हणाल्या, "सोमवारी सकाळी सगळ्यांच्या आधी मी उतरणार. डोळे उघडे ठेवून."

शनिवार, रविवार ती तलावाशीच होती. सोडा बादलीत विरघळवायचा, काठाकाठानं ओतायचा, ब्रश फिरवायचा, पाणी फिरू द्यायचं, मग नळी. फिटरनं तिला नवी नळी दिली होती. पिवळा. मग जरा गडद पिवळा. घाई करून एकदम सगळा सोडा ओतावा असं दहादा मनात आलं. ओतला नाही. रविवारी दीर डबा घेऊन आले, तर म्हणाली, "तिथं ठेवा, नि पाण्यात हात घालू नका, तुमच्या हाताला तेल असतं." बिचारे लांबूनच बघून गेले.

सोमवारी सकाळी फिटरची नळी नि तिची नळी शेजारी धरल्या. दोन्ही केशरी.

मोठ्या बाई उतरल्या. डोकं पाण्याखाली घातलं. लख्खबाई काठावर उभी, पदराचं टोक मुठीत. बाई वर आल्या, डोळे मिचकावले, भिंतीवरून हात फिरवला.

"भिंत खरखरीत आहे."

"आहे. ती माझी चूक. राहील आता तशीच."

"राहू दे. पाय तरी घसरायचे नाहीत पेशंटचे." बाई पायरीवर बसल्या. "डोळे चुरचुरत नाहीत. टॉवेल दे, आणि खुंटीवरची किल्ली काढून घे."

तिनं आधी टॉवेल दिला, मग किल्ली कमरेला खोचली. दाराशी पहिले पेशंट आलेच होते, कुबड्या टेकत. तिनं नळी तलावाच्याच पाण्यात तीनदा बुडवली, झटकली आणि पालथी ठेवली. घासायला हात असे शिवशिवत होते म्हणून सांगू, पण घासली नाही.