जमादारांचा हात

जमादार बोलायला लागले की समोरच्याचा हात धरायचे. नुसता धरून भागायचं नाही. आपल्या उजव्या हाताची बोटं त्याच्या डाव्या हाताच्या बोटांत अडकवायचे आणि बोलणं संपेपर्यंत सोडायचे नाहीत. मग समोर दुकानदार असो, डॉक्टर असो, नाहीतर वर्गणी मागायला आलेला कार्यकर्ता. पहिल्या भेटीत मी दोनदा हात सोडवून बघितला आणि दोन्ही वेळा हरले. "माफ करा ताई, सवय हाय," ते म्हणाले. "सारी नोकरी आरोपी कोर्टात न्यायची. बेडी घालायची तर कोर्टाची परवानगी लागती. मंग हीच आमची बेडी."

वसमतच्या बाहेर निराधार म्हाताऱ्यांचा आमचा आश्रम आहे, त्याची मी व्यवस्थापक. नवा कायदा आला आणि किरकोळ गुन्ह्याच्या माणसांना तुरुंगाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा देऊन कोर्ट आमच्याकडे पाठवायला लागलं. आमच्या विश्वस्तांना केवढा आनंद झाला! फुकटची माणसं मिळणार होती. मला मात्र घाम फुटला. इथे चहात साखर कमी पडली म्हणून रुसणारे म्हातारे सांभाळता सांभाळता नाकी नऊ येतात, त्यात स्टँडवर दारू पिऊन धिंगाणा घातलेले गडी कुठे सांभाळू? तेव्हा कुणीतरी जमादारांचं नाव सुचवलं. पोलिसातून निवृत्त झालेले, बायको गेलेली, एकुलती लेक पुसेगावला दिलेली, आणि घरात एकटे बसून कंटाळलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा पांढरा सदरा घालून ते हजर झाले आणि चहा तेवढा वेळेवर पाहिजे म्हणाले.

त्यांची रीत अशी की नव्या माणसाला पहिल्या दिवशी झाडू द्यायचा नाही. त्याच्या हातात एखाद्या म्हाताऱ्याचा हात द्यायचा. "पाण्याच्या टाकीपर्यंत न्या, परत आणा. घाई न्हाई. धरून ऱ्हा." बस, एवढंच काम. मी चिडायचे. संडास तुंबलेत, स्वयंपाकघरात डाळ निवडायची पडलीय आणि हे दणकट गडी अंगणात फेऱ्या मारून राहिलेत! जमादार माझा हात धरून शांतपणे म्हणायचे, "ताई, कोर्टातून आलेला माणूस खाली बघून चालतो. म्हातारं हाताला असलं की त्याला समोर बघावं लागतं. उद्या सांगा त्याला, संडास काय, आख्खा आश्रम धुईल." तो धुवायचाही. 

या फेऱ्यांसाठी त्यांची ठरलेली म्हातारी म्हणजे गयाबाई. तिचे डोळे पूर्ण गेलेले, जीभ मात्र शाबूत. नव्या माणसाचा हात हातात आला की पहिला प्रश्न, "कोण हायस रं? काय केलंस?" गडी लाजून अंग चोरायचा. मागून जमादारच उत्तर द्यायचे, "आपला माणूस हाय, गयाबाई. चला पुढं." कुणी काय केलं हे त्यांनी माझ्यासमोर कधीही उच्चारलं नाही, आणि दुसऱ्याला उच्चारू दिलं नाही.

एवढी माया कशासाठी, हे मी एकदा न राहवून विचारलं. त्यांनी आधी माझा हात धरला. मग म्हणाले, "एक हात सुटला व्हता माझ्या हातून." नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. कोवळं पोरगं, गुन्हा काय तर कोंबडी चोरलेली. कोर्टात नेताना रस्त्यात त्यानं पाणी मागितलं. जमादारांनी हापशावर त्याला दोन्ही हातांनी पाणी पिऊ दिलं. पोरगं पळालं आणि समोरून आलेल्या ट्रकखाली गेलं. "कोंबडीपायी लेकरू गेलं, ताई. तवा हा कायदा असता तर आज ते तुमच्या इथं डाळ निवडून घरी गेलं असतं." त्या दिवशी त्यांनी माझा हात जरा जास्तच घट्ट धरला होता, आणि मीही तो सोडवला नाही.

अशात जवळच्या हट्टा गावचा शेषराव आला. शेषा. त्यानं मोंढ्यातून, म्हणजे बाजार समितीच्या आवारातून, हळदीचं एक गाठोडं उचललं होतं. पकडला गेला, हळद परत दिली, पहिलाच गुन्हा म्हणून कोर्टानं आमच्याकडे सेवा करायला लावलं. सेवा पुरी केली तर सुटला, नाही केली तर तुरुंग. कामाला तो वाघ होता. पण दोन दिवस आला आणि यायचा बंद झाला. फोन केला तर म्हणाला, "ताई, गाडीत सगळं गाव असतंय. चोर निघाला बघा कोर्टाच्या कामाला, म्हणत्यात. बायकोला नळावर कुणी बोलंना. आमच्या घरचं पाणी कुणी पिईना. त्यापरीस तुरुंग बरा."

जमादार दुसऱ्याच सकाळी हट्ट्याला गेले. शेषाला घरातून काढलं, समजावलं आणि सोबत एसटीत बसवून घेऊन आले. मला बरं वाटलं. पण येताना त्यांनी काय केलं असेल? सवयीप्रमाणे शेषाच्या बोटांत बोटं अडकवून, त्याला भर गावातून चालवत आणलं. हट्ट्याच्या फाट्यावरच्या लोकांनी बघितलं. साध्या कपड्यातला पोलीस शेषाला परत धरून घेऊन चालला! संध्याकाळी शेषा घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. त्याच्या बायकोनं लेकरं घेऊन माहेरची वाट धरली, आणि शेषाही घरातून नाहीसा झाला.

हे कळलं तेव्हा जमादार ओट्यावर बसले होते. आपला उजवा हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत म्हणाले, "बेडी घातली मी त्याला, ताई." मला त्यांची दया आली आणि रागही आला. गैरहजेरी कोर्टाला कळवणं माझ्यावर बंधनकारक होतं. कळवलं की शेषा आत गेलाच. "आजचा दिस थांबा," ते म्हणाले. "ह्या हातातून दुसरा हात न्हाई सुटू द्यायचा मला." मी थांबले. ते परत हट्ट्याला गेले.

पुढचं मला शेषानं सांगितलं. तो शिवारात, हळद शिजवायच्या कढईपाशी लपून बसला होता. जमादार चिखल तुडवत तिथवर आले आणि त्यांनी आपला हात पुढे केला. "काल मी तुला धरलं. आज तू मला धर." मग स्वारी गावातून निघाली ती चक्क लंगडत! एक पाय फरफटत, शेषाच्या खांद्यावर भार टाकून, दर चार पावलांना "आई गं" करत. फाट्यावर कुणीतरी विचारलंच, "कोण रं हे, शेषा? कालचा पोलीसच ना?" शेषाची बोबडी वळली. तोंडातून निघालं, "मामा हायत माझे. वसमतला असत्यात. तोल जातोय म्हणून काल हात धरला व्हता." जमादारांनी लगेच डोळे मिटून एक कळ सोसली. गाडी आली तेव्हा त्याच लोकांनी मामांना उचलून आत चढवलं, आणि कंडक्टरनं दोघांना बसायला जागा करून दिली.

त्या दिवसापासून शेषा रोज एकटा यायला लागला. गाडीत लोक विचारायचे, "मामा कसे हायत?" तो सांगायचा, "हायत बरे. चालवून आणतो रोज." बायकोही परत आली. गावाला ते खरंच पटलं की गावानं पटवून घेतलं, हे मला आजही सांगता येत नाही.

आश्रमात या लंगडण्याची फार मजा झाली. जमादार म्हाताऱ्यांना करून दाखवायचे. कधी ऑफिसात शिरताना मुद्दाम पाय ओढत यायचे आणि माझ्या टेबलाला धरून "आई गं" म्हणायचे. गयाबाईला दिसत नव्हतं, पण पाय ओढल्याचा आवाज आला की ती सगळ्यांच्या आधी हसायची. माणूस इतका हलका झालेला मी पहिल्यांदाच बघत होते.

मग एका सकाळी ते फाटकातून पाय ओढत आले. गयाबाई हसली. आम्ही सगळे हसलो. मी ओरडले, "जमादार, इथं हट्ट्याचं कुणी नाही हो!" ते तसेच पाय ओढत राहिले. जवळ आले तेव्हा तोंड एका बाजूला गेलेलं दिसलं. मला त्या हसण्याचा आवाज अजून ऐकू येतो.

नांदेडच्या दवाखान्यातून परत आणलं तेव्हा वाचा गेली होती आणि उजवा हात गेला होता. लेक पुसेगावला न्यायला आली होती, पण त्यांनी डाव्या हातानं खाटेचा गज धरला तो सोडलाच नाही. शेवटी तीच आमच्याकडे राहिली. शेषा आपलं काम उरकून रोज खाटेपाशी बसायचा. त्यांच्या उजव्या बाजूला बसायचा आणि त्या लुळ्या बोटांत बोटं अडकवायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, त्या हाताला काही कळत नाही. डावीकडं बस, म्हणजे त्यांना समजेल." तो जागचा हलला नाही. म्हणाला, "धरलं तर ह्याच हातानं व्हतं, ताई." मी तोंड फिरवून बाहेर गेले. रडू आलं म्हणून गेले, दुसरं काही काम नव्हतं.

हळदीचा हंगाम संपत आला होता तेव्हा ते गेले. दुपारची वेळ होती. लेक पाणी आणायला उठलेली, शेषा उशाशी. डॉक्टर येऊन बघून गेले तरी शेषा हात सोडेना. लेकीनं सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलं. शेवटी मी खाली बसले आणि एकेक बोट सोडवलं. जमादारांची बोटं केव्हाच सैल झाली होती. घट्ट होती ती शेषाची.

संध्याकाळी आम्ही तिरडी बांधत होतो. आम्ही म्हणजे मी, लेक, शेषा आणि चार म्हातारे. खांदा द्यायला माणसं कुठून आणायची याचीच मला काळजी लागली होती. एवढ्यात फाटकाशी एक टेम्पो थांबला. त्यातून टोप्या-पटके घातलेली माणसं उतरली, बाया उतरल्या. मी विचारलं, कुठून आलात? पुढच्या गृहस्थांनी हात जोडले. "आमी हट्ट्याचे. शेषाचे मामा गेले म्हणून कळलं." मी शेषाकडे बघितलं. तो मान खाली घालून उभा होता. त्या गृहस्थांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, त्याला पुढे घेतलं आणि म्हणाले, "भाच्याचा खांदा पुढं असू द्या." लेकीनं मान डोलावली. जमादार गेले ते हट्ट्याच्या खांद्यावर.

दुसऱ्या दिवशी शेषा येईल असं मला वाटलं नव्हतं. तो नेहमीच्या गाडीनं आला. त्याच्या हातात फडक्यात बांधलेलं काहीतरी होतं. ज्या घरी माणूस गेलं त्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणून देतात, त्याला आमच्याकडे कडू घास म्हणतात. "गावानं आणून दिलं, ताई," तो म्हणाला. "मामाचं सुतक म्हणून. पाणीबी प्याले आमच्या घरचं. लई भाकरी झाल्या. तुमच्याबी घरचंच माणूस गेलंय ना, म्हणून आणल्या." मी आणि गयाबाईनं ओट्यावर बसून ती शिळी भाकरी खाल्ली. 

खाऊन झाल्यावर शेषा फिरायला न्यायला म्हणून गयाबाईपाशी गेला. तिनं सवयीनं विचारलं, "कोण हायस रं?"

मागून उत्तर द्यायला आता कुणी नव्हतं. 

"जमादारांचा भाचा," शेषा म्हणाला.

गयाबाईनं हात पुढे केला. "मंग धर," ती म्हणाली, आणि दोघं टाकीकडे चालायला लागली.