यादीतला एकोणीस लाखांचा आकडा

रेनो हापलाला गावात कोणी विनोद सांगायला जात नसे. सांगितलाच तर तो चष्मा नाकावर सरकवून विचारी, "हे लिहिलंय कुठे?" मग सांगणाराच ओशाळून दुसरीकडे बघू लागे.

लेक सुपीरियरच्या काठावरच्या त्या बंदरगावात जामीन कंपनीचा एजंट तो एकटाच. सरकारी काम घ्यायचं तर कंत्राटदाराला पाठीशी एक जामीन कंपनी उभी करावी लागते; त्याने काम अर्धवट टाकलं तर तिने निस्तरायचं. आणि ती कंपनी वॉशिंग्टनच्या अर्थखात्याच्या यादीत असावी लागते. ही यादी दर एक जुलैला निघे. प्रत्येक कंपनीच्या नावापुढे एक आकडा असे. एका कामाला एवढ्यापर्यंतच जामीन राहा, पुढे नाही. कंपनीच्या स्वतःच्या पुंजीचा तो दहावा हिस्सा.

सगळं गाव चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीसाठी झेंडे आणि बिअर गोळा करत असताना रेनो यादी घेऊन बसे आणि पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सगळी वाची. ज्या कंपन्यांशी त्याचा जन्मात संबंध येणार नव्हता त्यांच्याही पुंजीची तो काळजी करी. "लोकांचे नवरे मासे पकडायला जातात," त्याची बायको हिल्मा शेजारणींना सांगे, "आमचे हे दहा टक्के पकडायला बसतात." सख्ख्या मेहुण्याने यादीबाहेरच्या कंपनीचं हमीपत्र आणलं, तेव्हा रेनोने ते दोन बोटांत धरून परत केलं होतं. मेहुणा पुढे चार वर्षं नाताळच्या जेवणाला आला नाही. रेनोला त्याचं वाईट वाटलं, पण फार नाही.

असा हा माणूस. त्या जुलैत स्वतःच्या कंपनीच्या नावाशी त्याचं बोट थांबलं. ग्रेट पाइन शुअरटी. गेल्या वर्षी एकतीस लाख डॉलर होते, आता एकोणीस. त्याने बोट उचललं, चष्मा पुसला, पुन्हा टेकवलं. एकोणीसच.

दोन आठवड्यांनी लेलंड बोशाँने बंदराचा धक्का दुरुस्त करायचं सरकारी काम जिंकलं. बावीस लाखांचं. चौतीस माणसं, एक क्रेन, दगड वाहायचा एक सपाट बार्ज आणि अठ्ठावीस वर्षांची रेनोशी ओळख, एवढा लेलंडचा पसारा. एवढं मोठं काम त्याला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं. सरळ सांगायचं होतं: बाबा, माझी कंपनी तुझ्या कामाला पुरत नाही, ग्रीन बेला दुसऱ्या एजंटकडे जा. रेनोच्या तोंडून ते निघालं नाही. ग्रीन बेचा तो एजंट पिवळे बूट घालायचा; असल्या माणसाच्या हाती लेलंडला द्यायचं?

त्याने मिलवॉकीला कंपनीच्या मुख्य कचेरीतल्या व्हर्न प्रॉक्टरला फोन लावला.

"वरच्या तीन लाखांचं काय, व्हर्न?"

"यादीतलीच दुसरी कंपनी तेवढा भार उचलतेय. त्यांचा कागद पंचेचाळीस दिवसांत द्यायची मुभा आहेच ना कायद्यात? तुला मी शिकवायचं का आता?"

मुभा होती. कलम रेनोला पाठ होतं. वीस ऑगस्टला त्याने लेलंडच्या हमीपत्रावर सही करून शिक्का दाबला.

सप्टेंबरभर तो फोन करत राहिला. व्हर्न आधी म्हणाला, सोमवारी. मग म्हणाला, सह्या व्हायच्यात. मग व्हर्नची सेक्रेटरी म्हणाली की ते जेवायला गेलेत. सकाळचे साडेनऊ वाजले होते. धक्क्यावर बार्जमधून दगड उतरत होते. नोव्हेंबरची वादळं यायच्या आत तळाची रांग बसलीच पाहिजे, नाहीतर सरोवर सगळं गिळतं.

चार ऑक्टोबरला, पंचेचाळिसाव्या दिवशी, रेनो सकाळीच धक्क्यावर गेला. लेलंड साइटवरच्या ट्रेलरमध्ये उभ्याउभ्या मांस-बटाटा भरलेली पेस्टी खात होता.

"ये, कायदेपंडित. आज कुठलं कलम काढलंस? चेहरा असा का?"

"कागद आला नाही, लेलंड. येणारही नाही. काल रात्री मिलवॉकीहून कळलं, कंपनी बुडतेय. कोणी तिचा भार घेत नाही."

लेलंडने पेस्टी कागदावर ठेवली. "म्हणजे नेमकं काय?"

"म्हणजे तुझ्या कामाचा जामीन अपुरा आहे. आज कळवायला हवं. ते काम थांबवून नवा जामीन मागतील."

"अर्धं काम झालेल्या माणसाला कुठली नवी कंपनी जामीन राहणार?"

कोणी राहत नाही, हे रेनोइतकं त्या गावात कोणालाच ठाऊक नव्हतं.

"काम काढून घेतील," लेलंड म्हणाला. "क्रेन बँकेकडे गहाण आहे. घरसुद्धा." खिडकीबाहेर बघत त्याने विचारलं, "यादीत काय होतं?"

"एकोणीस."

"तू कधी वाचलंस?"

इथे रेनोला खोटं बोलता आलं असतं. आयुष्यात एकदाच, आणि बरंच सोपं.

"एक जुलैला."

बाहेर क्रेनवाल्याने भोंगा वाजवला आणि एक दगड पाण्यात उतरला.

"तुझ्याकडे मी का यायचो माहितेय?" लेलंड हळू आवाजात म्हणाला. "तुझी बडबड सहन करत? सगळं गाव हसायचं मला. मी म्हणायचो, हसा, पण हा माणूस वाचतो."

"लेलंड, मला वाटलं—"

"तुला वाटलं. तुला कधीपासून वाटायला लागलं, रेनो?"

त्याने टेबलावरचा फोन रेनोपुढे सरकवला. "सरकारी साहेबाला तू सांग. कंपनीचं नाव, तुझं नाव, आकडा. तू तो वाचलास त्या तारखेसकट. मी माणसांना वर बोलावतो."

दार उघडं टाकून तो पायऱ्या उतरला. रेनोने नंबर फिरवला. पलीकडून आवाज आला आणि त्याने सवयीने आधी हमीपत्राचा क्रमांक सांगितला, अंक सुटेसुटे, स्पष्ट. मग कंपनीचं नाव. मग एकोणीस लाख. तारीख तो खिडकीबाहेर बघत पुटपुटला. साहेबाने पुन्हा विचारलं. धक्क्यावर माणसं हातमोजे काढून लेलंडभोवती जमत होती.

"एक जुलै," रेनो म्हणाला.