कडबोळ्याचं लॅटिन

लातुरातल्या त्या खोलीत आम्ही दोघी राहायचो, मी आणि माझी नात. पण संध्याकाळचे सात वाजले की तिसरीही हजर व्हायची, फोनमधून. ही माझी विहीणबाई, सुनेची आई. नांदेडला शाळेत विज्ञान शिकवून रिटायर झालेली. नात बारावीला, डॉक्टरकीच्या परीक्षेची तयारी करून राहिलेली, आणि तिला रांधून घालायला मी मुदखेडकडचं घर आणि घरातला म्हातारा, दोन्ही सुनेच्या हवाली करून आलेली. आमच्या गल्लीत दर खोलीत अशीच एक पोरगी आणि तिच्यामागं एक बाई. घरमालकिणीचा नियमच होता: एका पोरीमागं एकच बाई. दुसरी आली तर पाहुणी म्हणून, दोन दिवस. पाणी पुरत नाही.

त्या संध्याकाळी मी कडबोळी वळत होते. नात पुस्तकावर चिडली होती. ॲन्युलस नावाचा एक शब्द तिला छळत होता. नेच्याच्या धड्यात ॲन्युलस, अळंबीच्या धड्यात ॲन्युलस, गणितातही कुठंतरी तोच, आणि शिवाय झाडाच्या खोडात ॲन्युअल रिंग्ज.

"एकच काहीतरी ठरवा ना," ती पुस्तकाला म्हणाली.

"गरम कडबोळं खा, मग कळंल," मी म्हटलं. तिनं खाल्लं. कळलं नाही.

मग फोन आला आणि तिनं तो स्पीकरवर टाकला. विहीणबाईंचा आवाज असा, की खडू हातात असल्यासारखा वाटतो.

"हे बघ बाळा, लॅटिनमध्ये आनुलुस म्हणजे बोटातली अंगठी. छोटं कडं. जिथं कड्यासारखं काही दिसलं, तिथं शास्त्रज्ञांनी ते नाव चिकटवलं. नेच्याच्या बीजाणूंच्या पिशवीला पेशींचं कडं असतं. ते वाळलं की ताडकन उलटतं आणि बीजाणू उडवतं. अळंबीच्या देठाला गळ्यातल्या सरीसारखं कडं राहतं. गणितात एका वर्तुळात दुसरं काढलं, की दोघांच्या मधली जागा. कंकणाकृती ग्रहणालासुद्धा इंग्रजीत त्याच घरातला शब्द आहे. आणि तुझं ते ॲन्युअल निराळ्या घरचं. ते वर्षावरून आलंय. नावं सारखी वाटतात, पण सोयरीक नाही."

नात भराभरा लिहून घेत होती.

"आजी कडबोळी करतायत ना? एक उचल. दिसलं? हेच ॲन्युलस."

नातीनं माझं कडबोळं उचललं, दिव्यासमोर धरलं, त्याच्या भोकातून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आजी, तू ग्रेट आहेस."

"असू दे गं," मी म्हणणारच होते. पण ती ते फोनला म्हणाली होती.

भाजणी मी भाजली, दळून मी आणली, कडबोळं वळून वळून अंगठे माझे दुखायला लागले, आणि शाबासकी गेली नांदेडला. कढईतला घाणा काळा झाला तेव्हा मी भानावर आले.

खरं तर अंगठी म्हटलं की माझं उजव्या हाताचं बोट अजून खाजतं. ही गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे, दर दिवाळीला कुणीतरी काढतंच. नवी नवरी होते, अठरा-एकोणीसची. अक्कल त्याहून बरीच लहान. थोरल्या जावेच्या बोटात लाल खड्याची सोन्याची अंगठी होती. माझ्या बोटात काही नव्हतं, मनात मात्र चोवीस तास तीच. एकदा कणीक मळायला बसताना तिनं ती काढून फळीवर ठेवली. मी उचलून बोटात घातली. फक्त बघायला. बघून झालं आणि ती निघेना.

ओढली, पिळली, साबण लावला. बोट जांभळासारखं झालं. मग मी शहाणीनं काय करावं? हात पदराखाली घेतला आणि सासऱ्यांच्या ताटात डाव्या हातानं भाकरी वाढली. सासूबाई म्हणाल्या, "उजवा हात माहेरी ठिवून आलीस का गं?" पदर ओढला, सगळ्यांनी बघितलं. शेवटी जावेनंच बोटाला दोरा गुंडाळून अंगठी काढली. काढता काढता म्हणाली, "बोट तर बारीकच हाय गं तुझं. मग अडकलं काय?"

तेव्हापासून मी शहाणी झाले असं मी लोकांना सांगत असते.

आठवड्याभरात विहीणबाईंनी फोनवर बाँब टाकला. "परीक्षेला दोनच महिने उरलेत. मी येऊन राहते तिच्याजवळ. तुम्ही गावाकडं जाऊन आराम करा जरा." किती गोड आवाज. एका पोरीमागं एकच बाई, हे त्यांनाही ठाऊक होतं.

मी ठरवलं, बाईंना त्यांच्याच शब्दात धरायचं. दुपारी नात क्लासला गेली की फोन तोंडापाशी धरून मी विचारायची, "ॲन्युलस शब्द कुठून आला?" फोन काय, कुणालाही सांगतो, पोटात काही ठेवत नाही. त्यातून कळलं की आनुलुस हे लहान कडं आहे खरं, पण त्याचं थोरलं कडं म्हणजे आनुस, आणि त्या शब्दानं माणसाच्या कोणत्या अवयवाला नाव दिलंय ते वाचून मी एकटीच भिंतीला टेकून हसत बसले. आता बोला, विहीणबाई. नातीसमोर बोला.

शनिवारी त्या बॅग घेऊन आल्या. जेवायला बसलो. मी वांग्याची भाजी वाढली, ताक वाढलं आणि भोळा चेहरा करून विचारलं, "विहीणबाई, आनुलुस म्हंजे छोटं कडं. मग मोठ्या कड्याला काय म्हणत व्हते ती लोकं?"

त्यांनी घास गिळला. "आनुस. म्हणजे नुसतं कडं. त्यावरूनच गुदद्वाराला नाव पडलं. आकारानं कडंच ना ते. रोमन लोक सरळ होते, दिसलं ते म्हणाले. लोणचं सरकवता का?"

नातीच्या नाकातून ताक आलं. हसता हसता ती आडवी झाली, ती थेट विहीणबाईंच्या मांडीवर. म्हणजे सापळा मी लावला, लोणी त्यांनी खाल्लं. वर त्या म्हणाल्या, "प्रश्न चांगला विचारलात हं." सत्तरीत आले तेव्हा कुठं वर्गात माझा नंबर लागला.

सोमवारी सकाळी घरमालकीण दारात. "मग, कोण राहून राहिलं, कोण जाऊन राहिलं?"

आम्ही दोघींनी नातीकडं बघितलं. ती वेणी घालत होती. वेणीकडंच बघत म्हणाली, "आजी, दोन महिने हिला राहू दे ना. पाठांतर घेईल माझं. तू पण दमलीस."

मी दमले नव्हते. तरी "हाव गं, दमलेच की," म्हटलं आणि लुगडी घडी घालायला घेतली. घड्या काही नीट होईनात. विहीणबाई मदतीला आल्या तर मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या." भाजणीचा डबा मात्र आठवणीनं माझ्या पिशवीत घातला. लॅटिन आहे ना जवळ, त्याची करा म्हटलं कडबोळी.

घरी येऊन चार दिवस मी भांडी आदळत होते. म्हाताऱ्यानं विचारलं, "पोरगी बरी हाय ना?" मी म्हटलं, "तिला काय धाड भरलीय." पाचव्या दिवशी सात वाजता मीच फोन लावला.

"आजी," नात म्हणाली, आणि मग आवाज खाली करून, "इथं भाजीला चव न्हाई गं. आणि जेवता जेवता प्रश्न विचारते ती."

"विचारू दे. अभ्यासच हाय तो. मी एक सांगू का? तुझं गांडूळ हाय ना, त्याच्या घराण्याचं नावसुद्धा त्या अंगठीवरूनच आलंय. अंगभर बारीक बारीक कडी हायत म्हणून. दुपारी शोधलं मी."

"खरंच? हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आजी, तू ग्रेट आहेस."

मागून पोळपाटावर लाटणं आपटल्याचा आवाज आला. एकदा, मग पुन्हा एकदा, जरा जोरात. तो आवाज माझ्या चांगला ओळखीचा आहे.

"फोन स्पीकरवर हाय का गं?" मी विचारलं.

"हाय ना. का? बंद करू?"

"नको," मी म्हटलं. "ऱ्हाऊ दे."