लुडविग्सहाफेनमधली गाईजात्रा

माझ्या लेकीला काठमांडू शिकवलं तिच्या बापाने, तेही जेवणाच्या ताटात. भाताचा ढीग करायचा, मध्ये बोटांनी खळगा पाडायचा आणि त्यात वरण ओतायचं. "हे माझं गाव. चारी बाजूंनी डोंगर आणि मध्ये नुसतं तळं." मग चमच्याच्या कडेने तो भाताला दक्षिणेकडून खाच पाडायचा. बोधिसत्त्व मंजुश्रीने तलवारीने डोंगर कापला, तो असा. वरण ताटभर पळायचं, ती बागमती नदी. तळं रिकामं झालं, माणसं राहायला आली आणि शहर वसलं तेही म्हणे तलवारीच्याच आकाराचं. एवढं सांगून झालं की तो ते सगळं शहर तिला भरवायचा. मी चिडायचे, कारण टेबलक्लॉथ मला धुवावा लागायचा.

फेब्रुवारीत तो कारखान्यातून घरी आला, आमच्या जिन्यात बसला आणि पुन्हा उठला नाही. हृदय. इथे जर्मनीत, लुडविग्सहाफेनमध्ये, अर्धं गाव त्या एका कारखान्यावर जगतं. वास, शिट्ट्या, पाइप सगळं होतं तसंच चालू राहिलं आणि मला त्याचाच भयंकर राग यायचा. लेक भातात खळगा करायची, वरण ओतायची आणि तशीच बसून राहायची. चमचा तिच्या हातात दिला तरी खाच पाडायची नाही. वरण गार व्हायचं, त्यावर साय धरायची.

आमचं लग्न ठरलं तेव्हा नागपुरात माझ्या बाबांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. मुलगा परदेशातला, नेपाळचा, पण बौद्ध आहे ना, मग झालं. ते त्याच्या घरी काठमांडूला गेले तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्या बौद्ध घरात तारा होती, भैरव होता, कोपऱ्यावरच्या गणपतीला रोज सकाळी तांदूळ जात होते. बाबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "बाळ, हे आपल्यातलेच ना?" आम्ही दोघं पुढे कित्येक वर्षं यावर हसलो.

जुलैत सासूबाईंचा फोन आला. आम्ही एकमेकींशी मोडक्या हिंदीत बोलायचो. त्या म्हणाल्या, "सापारु जवळ आलंय. पोरीला घेऊन ये."

सापारु म्हणजे गाईजात्रा. श्रावणी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, वर्षभरात ज्या घरात माणूस गेलं त्या घरातून एक गाय निघते, नाहीतर गाय म्हणून सजवलेलं मूल. जुन्या शहराला फेरी घालायची. वाटेवरची माणसं दारात उभी राहून चालणाऱ्यांच्या हातात दूध, फळं, काहीबाही ठेवतात. गेलेला माणूस त्या गाईचं शेपूट धरून पलीकडे जातो. हे एकदाच करायचं असतं, पहिल्या वर्षी. त्यामागची गोष्ट माझा नवरा दर ऑगस्टमध्ये रंगवून सांगायचा. मल्ल राजाचा मुलगा गेला, राणी अन्न घेईना. राजाने फर्मान काढलं की ज्यांच्या घरी कुणी गेलंय त्यांनी राजवाड्यासमोरून चालत जावं. राणी खिडकीत बसली आणि बघते तर रांग संपेचना. त्यात लोक सोंगं काढत होते, दरबाराची टिंगल करत होते. शेवटी राणी हसली. "आमच्याकडे दुःखाचीही मिरवणूक निघते," तो म्हणायचा.

"आई, मला येता येत नाही," मी म्हणाले. माझा इथला परवाना त्याच्या नोकरीला बांधलेला होता. कागद आउसलेंडरबेहोर्डमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत पडून होते. तिथल्या बाई चांगल्या होत्या, पण स्पष्ट म्हणाल्या, की आत्ता देश सोडलात तर परत आत घेतील याची खात्री देता येणार नाही. "तुम्ही तिथलं एखादं मूल घ्या ना, आई."

"परक्या पोराला नेलं तर माझा मुलगा ओळखेल कसा? कुणाचं शेपूट धरायचं त्याने?" सासूबाई रडायला लागल्या. "तो दारातच उभा राहील गं."

मला वाढवलं होतं ते पिंड नाही, श्राद्ध नाही, कावळ्याची वाट बघणं नाही, अशा घरात. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, "सोडलंय आपण ते सगळं. त्याच्या नावाने विहाराला पुस्तकं दे." ते बरोबरच होते. पण एका म्हातारीचा एकुलता एक मुलगा दारात उभा होता आणि ते दार तिला रोज दिसत होतं. आणि खोटं कशाला बोलू, मलाही दिसायला लागलं होतं.

मी सासूबाईंना फोन करून सांगितलं, की पोरगी इथेच गाय होऊन चालेल. मग त्यांनी विचारलं, "तिथे नदी आहे?"

"आहे. मोठी आहे."

"मग नदीपर्यंत चालव."

खोक्याचा पुठ्ठा कापून गाईचं तोंड केलं, लेकीच्या कपाळाला बांधलं. माझी पिवळी ओढणी शेपूट म्हणून मागे लोळत सोडली. सापारुच्या सकाळी आम्ही निघालो. बाल्कन्यांत वर्ल्ड कपचे झेंडे अजून लोंबत होते. बसथांब्यावरची माणसं आमच्याकडे बघून नजर वळवत होती. आपण पोरीचं हसं करतोय असं मला वाटत होतं, आणि परत फिरायचीही हिंमत नव्हती.

दोन चौक गेल्यावर लेक थांबली. "मामा, वो झिंड देन दी आंडरन?"

आई, बाकीचे कुठे आहेत, असं ती जर्मनमध्ये विचारत होती. तिला गोष्ट पाठ होती. संपूर्ण शहर आपल्याबरोबर चालणार आहे असं धरून ती घरातून निघाली होती. तिथेच फुटपाथवर बसावं आणि मोठ्याने ओरडावं असं वाटलं. कुणी नाही गं, आपण दोघीच, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तिची ओढणी सारखी करत राहिले.

ट्रामच्या थांब्यावर एक आजोबा उभे होते. ते हसून म्हणाले, "आख, आइनं कू! फाशिंग इम आउगुस्ट?" अरे, गाय! सोंगांचा सण ऑगस्टमध्ये कुठून आला, असं ते विचारत होते.

"नाइन," लेक गंभीरपणे म्हणाली. "माइन पापा इस्ट टोट." माझे बाबा वारलेत.

आजोबांचं हसू गेलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "माइनं फ्राउ आउख," ते म्हणाले. माझी बायकोही.

त्यांची ट्राम आली. ती त्यांनी सोडली आणि आमच्याबरोबर चालायला लागले. ऱ्हाइनच्या काठापर्यंत आले, लेकीने ओढणीचं टोक पाण्यात बुडवलं ते बघत उभे राहिले, मग मान हलवून परत गेले.

"ते आजोबा बाकीच्यांतलेच होते ना?" लेकीने जर्मनमध्ये विचारलं. मी हो म्हणाले.

घरी येऊन काठमांडूला फोन लावला. सासूबाई फोनजवळच बसल्या असणार. "चालली?"

"चालली, आई. नदीपर्यंत."

"एकटीच?"

"एक आजोबा होते. त्यांची बायको गेलीय."

त्यांनी मोठा श्वास घेतलेला मला ऐकू आला. मग, सुनेला घरात आलेल्या पाहुण्याबद्दल विचारावं तसं त्यांनी विचारलं, "त्यांच्या हातात काही ठेवलंस ना खायला?"

मी फोन तसाच धरून रडले. फेब्रुवारीपासून पहिल्यांदा, आणि थांबता येईना.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मी केळी आणि दुधाची बाटली घेऊन त्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. तिसऱ्या दिवशीही गेले. पुढे बरेच दिवस जात राहिले. आजोबा आले नाहीत.