पदराने पुसलेलं पान

भाताच्या पानावर पडलेला थेंब पानाच्या लांबीने झरझर घरंगळतो, आडवा सहसा जात नाही. कामशेतजवळच्या आमच्या खाचरात हे मी लहानपणापासून बघत आले. पुण्यात पीएचडीला लागले तेव्हा हाच विषय मागितला. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "गुरुवारी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पान दाखव. काही दिसलं नाही, तर मी देईन तो विषय घ्यायचा." त्यांचा विषय चांगलाच होता, पण माझा नव्हता.

गुरुवारी सकाळी आईने पान खुडून डब्यात घालून दिलं. लोकलमध्ये, बेगडेवाडी गेल्यावर, मी सहज त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. थेंब जागच्या जागी चिकटला. आईला फोन लावला.

"व्हय, पुसलं पदरानं. रस्त्याची धूळ व्हती. चार शिकल्याली मानसं बगनार, मळकंच न्यायचं व्हय?"

चारचौघांत जाणारी वस्तू आमच्याकडे पुसल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. मला रडू आलं, आणि आईचा रागही आला. परत फिरायला वेळ नव्हता.

प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसावं म्हणून, पानाच्या तुकड्यावर सोन्याचा अगदी पातळ थर चढवला आणि तुकडा यंत्रात ठेवला. पडद्यावर सगळं दबलेलं, फरफटलेलं. सर घड्याळ बघू लागले. मी चित्र सरकवत सरकवत पानाच्या कडेशी नेलं. तिथे आईचा पदर पोचला नव्हता.

उंचवटेच उंचवटे! ओळीने, लावणी केल्यासारखे, आणि प्रत्येकावर मेणाची नाजूक लव. थेंब या ओळींच्या दिशेनेच घरंगळत होता. जन्मभर ज्या शेतात वावरले, त्याच्या एकेका पानात आणखी एक शेत होतं.

सर खुर्ची ओढून बसले. पुसलेला भाग, न पुसलेला भाग, दोन्ही पुन्हा पुन्हा बघत राहिले.

"एका पुसण्यात हे गेलं? मग पुसलं तरी टिकेल असा पृष्ठभाग बनवून दाखव. घे, हा तुझा विषय."

शनिवारी घरी जाऊन आईला मोबाइलवर फोटो दाखवले.

"पानाला सोनं चढवलं? मला न्हाई कदी चढवलंस!" ती हसली. मग एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बांधावर दिसली. पदर कमरेला घट्ट खोचलेला, दोन्ही हात पाठीमागे, आणि पानावर वाकलेली.

"हळू ये," ती म्हणाली. "थेंब चाललाय."