खुनी सापडल्यावर द्यायचा नारळ

सोमवार, सकाळची देवबाग-मालवण एसटी. हजर: चालक, वाहक, बाजाराला निघालेल्या चार बायका, मी, आणि पुढच्या बाकावर सुनेबरोबर ऑपरेशनला निघालेली एक म्हातारी. मांडीवरचा नारळ ती सारखा फिरवत होती.

कित्येक वर्षं चाललेली रहस्यमालिका आदल्या रात्री संपली होती. खून झालाच नव्हता म्हणे, सगळं नायिकेचं स्वप्न! बायका चॅनेलला शिव्या घालत होत्या. खुनी सापडला की नारळ देईन, असा म्हातारीने ग्रामदेवीला नवस केला होता, असं सून म्हणाली.

दवाखान्याचा थांबा आला. म्हातारी उठेना.

"आये, उतरा मगे. डॉक्टर वाट बघतत." सून रडकुंडीला आली.

"नवस अर्धो टाकून टेबलार निजू?"

"देऊन टाका नारळ," मी म्हटलं.

"खुनी गावलोच नाय. देवीक फसवू?"

वाहकाने दोनदा घंटा मारली. म्हातारीने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि नारळ माझ्या मांडीवर ठेवला.

"मी परत येयसर सांभाळ गो. खुनी कोण, ता आता मीच ठरवन सांगतंय."

ती उतरली. नाव विचारायचं राहिलं.

अजून रोज त्याच गाडीत चढताना मी आधी पुढचा बाक बघते. नारळ पिशवीत असतो. द्यायचा आहे.