गाढवाच्या दगडाखालचं सोनं

"तू ते जुने दगड वाचतीस ना? मग ये लवकर," मामी फोनवर म्हणाली. "तुझ्या मामानं शनिवारी जेसीबी सांगितलाय. वावरातला गाढवाचा दगड उपटून खाली खोदणार हायती. निजामाचं सोनं हाय म्हणं. आन् दगड हाय विहिरीच्या काठाला. विहीर ढासळली तर उन्हाळ्यात मी काय सोनं पिऊ?"

माझी नोकरी पुण्यात, विम्याच्या दाव्यांची. जुने शिलालेख पाहत हिंडणं हा सुट्टीचा उद्योग. तो कधी कुणाच्या उपयोगी पडेल असं घरात कुणालाच वाटलं नव्हतं, मलाही नाही. मी रजा टाकली.

मला खरं नवल वाटलं ते मामाचं. माझं आजोळ बौद्ध. आजोबांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली तेव्हापासून त्या घरात नवस नाही, अंगारा नाही, दाराला लिंबू-मिरची नाही. गावात कुणाच्या अंगात आलं की मामा पुढं होऊन विचारणार, "इंग्रजीत बोल बघू." अशा माणसाला सोन्याचा हंडा कसा काय चावला?

पहाटेची एसटी पकडली. पुण्याहून बीडला दिवसा जाणार असाल तर डावीकडची खिडकी धरा, ऊन लागत नाही. अहिल्यानगरला मिसळ खाल्ली, पुढं झोपले आणि बीडच्या स्टँडवर मामानं खिडकीवर टकटक करून उठवलं. तो मोटारसायकल घेऊन आला होता.

"आधी पुरावा बघ, मग घरी," तो म्हणाला आणि सरळ खजाना बावडीवर घेऊन गेला.

ही बावडी बीडच्या दक्षिणेला, हमरस्त्यापासून थोडी आत. बूट चांगले घाला, पायऱ्या निसरड्या आहेत. खाली उतरलं की गोल विहीर, भोवती कमानींचा सज्जा, आणि जमिनीखालच्या बांधीव पाटांतून पाणी शेतांकडे काढून दिलेलं. मी पायरीवर बसून नुसतं पाणी ऐकत राहिले. बाहेर रखरख आणि आत पाण्याचा गारवा.

"नावातच खजाना हाय," मामा म्हणाला. "निजामानं सोनं लपवलं म्हणून."

"मामा, खजाना म्हणजे हे पाणीच. सरकारी खजिन्यातला पैसा बांधकामाला लागला म्हणूनही हे नाव पडलं म्हणतात. आणि ही निजामशाहीची, नगरच्या. हैदराबादचा निजाम पुष्कळ नंतर आला. दोघांचा काही संबंध नाही."

मामानं थोडा विचार केला. "पर आडनाव एकच हाय ना?"

मी मोटारसायकलवर मागं बसले. पुढं पालीजवळ बिंदुसरेचं धरण लागलं, मग मांजरसुंब्याचा घाट. वर रबडी खा. मामानं दोन वाट्या खाल्ल्या आणि मला सांगितलं, की मामीला एकच सांगायची. चौसाळ्यात त्यानं दोन कोऱ्या घमेल्यांची खरेदी केली. "सोनं काय हातात न्यायचं?"

घर चौसाळ्यापासून आत, कच्च्या रस्त्यावर. मामीनं ज्वारीची भाकरी आणि येसरची आमटी केली होती. आजी भिंतीला टेकून बसली होती, कान तिखट, दात नाहीत. जेवताना मामानं सगळं उलगडून सांगितलं. दगडावर वर चंद्र-सूर्य, म्हणजे सोनं रात्रंदिवस वाहिलं. खाली गाढव, म्हणजे गाढवांवरून वाहिलं. गाढवाच्या खाली पोतं.

"पोतं पाठीवर असतं ना?" मी विचारलं.

"उतरवून ठिवलंय."

"सोनं पुरणारा माणूस वर पाटी कशाला लावेल?"

"हुशार असंल तर लावील. कुणाला इचारच यायचा न्हाई. आन् ही काय अंधश्रद्धा न्हाई, इतिहास हाय."

"इतिहास हाय तर हिला वाचू द्या आधी," मामी म्हणाली आणि आमटीचं पातेलं मामापासून लांब सरकवलं.

सकाळी आम्ही वावरात गेलो. आजीही काठी टेकत आली. दगड कमरेइतका उंच, पावसानं झिजलेला. असा दगड तुम्हाला कुठं दिसला तर त्यावर तेल, शेंदूर, खडू काही लावू नका. नुसतं पाणी मारायचं आणि तिरप्या उन्हात पाहायचं. मी पाणी मारलं. मधल्या ओळी बऱ्याचशा पुसलेल्या होत्या, पण खालचं चित्र लख्ख उठलं. दगड कसला आहे ते मी ओळखलं होतं. प्रश्न एवढाच होता, की ते आजीसमोर मामाला सांगायचं कसं.

तेवढ्यात जेसीबी धडधडत आला. ड्रायव्हर वरून ओरडला, "कुठून लावू, काका?"

"आधी बंद करा!" मी ओरडले. त्यानं मशीन बंद केलं.

"मामा, हा सोन्याचा दगड नाही. निजामापेक्षा कितीतरी जुना, दानाचा आहे. कुणा राजानं ही जमीन दान दिली. चंद्र-सूर्य आहेत तोवर दान चालावं, म्हणून ते वर. आणि जो कुणी हे मोडेल त्याला खाली चित्रातून शिवी आहे."

"कसली शिवी?"

"आईवरून."

मामा वाकला. गाढवाखालच्या पोत्याकडे त्यानं निरखून पाहिलं. पोत्याला हातपाय होते.

"ही कोण?"

"दगड मोडणाऱ्याची आई."

मामी, ड्रायव्हर आणि मी, तिघांनीही आजीकडे पाहिलं. आजी काठी टेकत पुढं आली आणि दगडासमोर उकिडवी बसली. त्या हातपायांवरून तिनं बोट फिरवलं.

"ही मी व्हय?"

"माय, शाप-बिप आपण मानत न्हाई," मामा घाईनं म्हणाला.

"शाप मीबी मानत न्हाई. शिवी मानते. लोकांच्या शिव्या खात माझ्या सासूचा जल्म गेला. म्हणून तर तुझ्या बापानं दीक्षा घेतली. आन् तू माझ्यावर गाढव घालाया मशीन बोलावलंस? लेकरा, खोद. पर आधी मला सांग, सोनं निघालं तर मी ते कोणत्या तोंडानं घालू?"

मामानं चप्पल काढली, पुन्हा घातली, मग ड्रायव्हरला म्हणाला, "तिकडं जा बे. वढ्याला."

मशीन आलंच होतं, म्हणून मामीनं पलीकडच्या ओढ्यातला गाळ काढून घेतला. विहीर वाचली. मामा मात्र गाळाची प्रत्येक बकेट काठीनं उकरून पाहत होता. एक फुटकी परात निघाली. त्यानं ती धुऊन बाजूला ठेवली.

पुण्यात आल्यावर मी ऑफिसात ऐटीत सांगत सुटले, की एका गावातला गैरसमज मी पुराव्यानिशी खोडून काढला. हा आनंद मामीच्या पुढच्या फोनपर्यंत टिकला.

"अगं, तुझं लई नाव झालंय इकडं," ती म्हणाली. "पुण्याच्या म्याडमनं दगडावर पाणी मारलं आन् मशीन आपोआप बंद पडलं म्हणतेत. ड्रायव्हरच सांगत फिरतोय. शेजारचे नारळ घेऊन आलते."

"मामी! मीच बंद करायला सांगितलं होतं! तुम्ही सांगा ना सगळ्यांना."

"कावून सांगू? आता त्या दगडाला कुणी हात लावायचं न्हाई. आन् नारळाची चटणी चांगली झालती."

म्हणून खरं काय घडलं ते इथं लिहून ठेवते आहे. गावात फिरणारी माझी गोष्ट वाईट आहे असं नाही. ती खोटी आहे, एवढंच. पण दगड जागेवर आहे, विहिरीला पाणी आहे, आणि खरं सांगू का, त्या गोष्टीत मी माझ्यापेक्षा बरीच उंच आहे.